उजव्या पंखावरची पट्टी

भुंगा सकाळी साडेदहाला झोपते आणि अकरा पन्नासला उठते. घड्याळ चुकेल, भुंगा चुकत नाही. म्हणजे मला एक तास वीस मिनिटं मिळतात. त्यातली पहिली पाच ती खरंच झोपली आहे की मला बनवतेय हे बघण्यात जातात आणि शेवटची दहा बोटांवरचा गोंद काढण्यात. उरलेल्या पासष्ट मिनिटांत मी गेले सव्वीस दिवस आमचं ग्लायडर दुरुस्त करत होते.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. सासूबाई शिवणकाम करतात, त्यांच्या मते ते म्हणजे सुई नसलेलं मशीन. नुसते पाय हलवत बसा. आमचं ग्लायडर एकाच माणसाचं, पांढरंशुभ्र, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठं. शेवटचं मी त्यात बसले ते बावीस महिन्यांपूर्वी. त्यानंतर पोटावरून पट्टा बसेना, आणि पट्टा का बसत नाही ते कारण आता चौदा महिन्यांचं होऊन घरभर रांगतंय.

त्या शेवटच्या फेरीतच मला कळलं होतं की पंखांच्या फटी गळायला लागल्यात. पंखाच्या मागच्या कडेला, टोकाकडे, एक लांब हलणारा भाग असतो, त्याला एलेरॉन म्हणतात. हातातला दांडा उजवीकडे झुकवला की एका पंखावरचा वर जातो, दुसऱ्यावरचा खाली, आणि ग्लायडर कुशीवर वळतं. आता हलणारा भाग म्हटला की फट आली. पंखाखालची हवा दाबाची, वरची विरळ. खालची हवा त्या फटीतून चोरासारखी वर निसटते आणि पंखाची उचल घेऊन जाते. इंजिन असतं तर चोरी खपली असती. आमच्याकडे उधळायला काहीच नाही. म्हणून त्या फटीवर वरून कापडी टेप लावतात आणि खालून प्लास्टिकची बाकदार पट्टी. आमच्या टेपा पिवळ्या पडून कडांना सुटल्या होत्या. बोट लावलं की पापडी निघायची.

आमचा मैदानावरचा क्लब लहान. विमानांची तपासणी करणाऱ्या बाई वर्षातून दोनदाच येतात. त्यांनी कागदावर सही केली तर ग्लायडर उडतं, नाही केली तर सहा महिने झाकून ठेवायचं. त्या येणार होत्या शनिवारी. भुंगा झाल्यानंतर एक तपासणी मी सोडली होती, दुसरीही सुटली होती. ही तिसरी. ही नाही सुटू द्यायची, असं मी ठरवलं होतं. कोणाला बोलले नव्हते, पण घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, कारण पंख घरातच होता.

अगदी खराखुरा घरात. एक पंख साडेसात मीटर. गॅरेज सहा मीटर. म्हणून पंखाचं मूळ गॅरेजमध्ये आणि टोक मधल्या दारातून सरळ सासूबाईंच्या शिवणाच्या खोलीत. कपाटाला जाताना त्या पंखाखालून वाकून जायच्या.

"काय गं," त्या एकदा म्हणाल्या, "याची बाही इतकी लांब, मग अंग केवढं असेल?"

"अंग बारीकच आहे हो. मी मावते एवढंच."

"आता मावशील का पण?"

असं तोंडावर बोलतात. पण भुंगा झोपली की स्वतःचं मशीन बंद करून हातशिलाई घ्यायच्या. मशीनचा आवाज पलीकडच्या खोलीत जातो, भुंगा उठते, आणि सुनेची पासष्ट मिनिटं बुडतात. हे कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

जुना टेप सोलायला चार दिवस गेले. त्याखालचा गोंद काढायला नऊ. प्लास्टिकच्या बोथट पट्टीनं खरवडायचं, कापडावर स्पिरिट घ्यायचं, पुसायचं, पुन्हा खरवडायचं. पात्याचा चाकू चालत नाही, पंखाच्या रंगाला ओरखडा जातो. खिडकी सताड उघडी, तोंडाला फडकं. एके दिवशी सासूबाईंनी माझ्या हातातून कापड घेतलं. "चोळू नकोस, टिपत जा. डाग असाच निघतो." टिपत गेले. निघाला.

मग नवा टेप. यातली मेख अशी. एलेरॉनची बिजागरी वरच्या बाजूला असते. एलेरॉन खाली झुकला की वरचा टेप ताणला जातो, जसा कोपर वाकवला की बाहीचा मागचा भाग ताणतो. म्हणून टेप चिकटवताना एलेरॉन पूर्ण खाली झुकवलेला हवा, म्हणजे नंतर टेप कमी पडत नाही. आणि तो आपण होऊन खाली राहत नाही. त्याच्या आत शिशाचं वजन असतं. सोडला की मधोमध, पंखाच्या रेषेत येऊन थांबतो. म्हणून पंखावर आडवी फळी बांधायची, तिचं टोक मागे एलेरॉनच्या वर आणायचं, आणि फळी व एलेरॉन यांच्यामध्ये लाकडाची पाचर सारायची. पाचरेनं एलेरॉन दाबून खाली धरला की मग टेप. आणि टेपची पट्टी एका दमात लावायची, मध्ये थांबायचं नाही.

डावा पंख झाला. एका दमात. अडीच मीटर टेप, एक सुरकुती नाही! मी त्या दिवशी जेवताना तीनदा सांगितलं. नवरा म्हणाला, "ऐकलं. आता मीठ दे."

उजव्या पंखाच्या दिवशी मी फळी बांधली, पाचर सारली, कोन मोजला, वहीत खूण केली आणि चिकटवायला लागले. पावणेदोन मीटर झाले आणि पलीकडून भुंगाची हाक आली. अकरा वाजून दहा मिनिटं! चाळीस मिनिटं आधी! दात येत होता. मी दहा मोजेपर्यंत वाट पाहिली, अकराव्याला टेप कापला आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला परत आले. फळी जागेवर होती. वहीत खूण होती. मी उरलेला पाऊण मीटर लावला. छान बसला. इतका गुळगुळीत की मी त्यावर गाल ठेवून पाहिला.

शनिवारी सकाळी मैदानावर ग्लायडर जोडलं. नवऱ्यानं आणि मी पंख खोचले, खिळे सारले, दांड्याच्या जोडण्या केल्या. ऊन स्वच्छ होतं. नऊ वाजताच डोंगराच्या बाजूला पांढरे ढग फुटायला लागले होते, सपाट बुडाचे, वर फुललेले. असे ढग म्हणजे त्यांच्याखाली गरम हवा वर चढतेय. क्लबातले सगळे मान वर करून चालत होते, एकमेकांवर आपटत होते. सासूबाई भुंगाला कडेवर घेऊन आल्या होत्या, "बघू तरी, काय शिवलंयस ते," म्हणत.

तपासणीच्या बाई बाराला आमच्याकडे आल्या. त्यांना सगळे काटाबाई म्हणतात, कारण त्यांच्या खिशात स्प्रिंगचा काटा असतो. तो दांड्याला अडकवून ओढतात आणि किती जोर लागतो ते वाचतात. बोलतात कमी.

डावा एलेरॉन खाली. "अठरा अंश." वर. "बावीस." काटा ओढला. मान हलवली.

उजवा वर. "बावीस." उजवा खाली. त्या थांबल्या. पुन्हा केलं. मग बोटानं टेपवर टकटक केलं, आणि मी उभी होते तिथवर तो आवाज आला. डफासारखा. टेप असा वाजता कामा नये.

"चौदा," त्या म्हणाल्या. "आणि जोर दुप्पट लागतोय. इथे जोड का आहे?"

"दोन दिवसांत केलं, मॅडम."

"जोडाच्या पलीकडचा टेप आखूड पडलाय. एलेरॉन मधोमध असताना लावला तुम्ही हा."

"नाही. पाचर होती. मी स्वतः सारली. वहीत..." मी वही उघडून दाखवली. खूण होती. पहिल्या दिवशीची.

"वहीत असेल," काटाबाई म्हणाल्या. "पंखावर नाहीये. मी तीनपर्यंत आहे इथे. अजून चार ग्लायडर बघायची आहेत." आणि गेल्या.

मागे कोणीतरी घसा साफ केला.

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "ती लाकडाची चपटी पाचर का?"

मी वळले.

"तुझा टेप अर्धा राहिला ना, त्या दुपारी शिवणाच्या खोलीची खिडकी आपटत होती. भुंगा नुकती परत डोळा लावत होती. मला समोर ती दिसली, मी काढून खिडकीत ठोकली. म्हटलं लाकूड तर आहे."

मला खूप काही बोलायचं होतं. पण फळी बघून पाचर असणारच असं समजले ती मी. खूण बघून एलेरॉन न बघणारी मी. आणि खिडकी आपटू नये म्हणून धडपडणारी बाई कोणासाठी धडपडत होती?

"आई, ती खिडकी..." एवढंच म्हटलं.

"माझं चुकलं म्हण की सरळ. मनात ठेवून पंख फडफडवू नकोस."

"तुमचं चुकलं. माझंही चुकलं."

"झालं मग. किती काढायचंय?"

"पाऊण मीटर. सोलायचं, गोंद काढायचा, वाळवायचं, परत लावायचं. तीनच्या आत. माझे हात बघा कसे थरथरतायत!"

त्यांनी भुंगाला माझ्याकडे दिलं आणि बाह्या सरसावल्या. "माझे नाही थरथरत. तू नुसतं सांग."

आधी नवऱ्यानं आणि इतरांनी ग्लायडर ढकलून उन्हात आणलं. पंख गार असेल तर टेप धरत नाही. पेटीत दुसरी पाचर नव्हती. नवऱ्यानं आपला बूट काढला, दांडा एका बाजूला दाबून पट्ट्यानं बांधला, आणि एलेरॉनखाली बसून हातानं तो पूर्ण खाली ओढून धरला. "किती?" त्यानं विचारलं. मी कोनमापक लावला. "सोळा. आणखी. सतरा. अठरा! हलू नकोस."

"बूट का काढलास रे?" सासूबाईंनी विचारलं.

"पाचर म्हणून घालणार होतो. नाही बसला."

"बापासारखा पाय. कशातच बसत नाही."

तो खाली बसल्या बसल्या हसला आणि मी ओरडले, "हलू नकोस म्हटलं ना!"

तो आखूड टेप त्याआधीच निघाला होता. सोलताना सासूबाईंनी नखानं एक कोपरा उचलला आणि पंखाला समांतर, मागे मागे ओढत नेला, जराही झटका न देता. मी जन्मात तसा सोलला नव्हता. गोंद जवळजवळ सगळा टेपबरोबरच आला. उरलेला त्यांनी टिपून काढला. मी भुंगाला घेऊन, स्पिरिटचा वास येणार नाही अशा बाजूला उभी राहून मिनिटं मोजत होते. भुंगा माझ्या कानातलं ओढत होती आणि वर जाणाऱ्या एका ग्लायडरकडे बोट दाखवून "आ! आ!" करत होती. एकेक करून क्लबातली ग्लायडर वर निघाली होती. मैदानाच्या त्या टोकाला मोठी फिरकी आहे. ती तारेनं ग्लायडरला पतंगासारखं वर ओढते. दर दहा मिनिटांनी एक जण माझ्या डोक्यावरून सूं करत ढगाखाली जायचा. बघायला मजा वाटायची, का ते सांगता येणार नाही.

दोनला वीस कमी असताना पृष्ठभाग वाळला. सासूबाईंनी टेपचा मागचा कागद एकदम काढला नाही. तीन बोटं कागद सोडवायचा, तेवढाच टेप ठेवायचा, अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत जायचं, मग पुढची तीन बोटं. तोंडात टाचण्या नसतानाही ओठ तसेच आवळलेले.

"फटीच्या बरोबर मध्ये, हं," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"आणि ओढायचा नाही. नुसता ठेवायचा."

"काखेत कापड ओढून शिवलं की हात वर होत नाही, एवढं कळतं मला. तू बाळ सांभाळ."

शेवटची वीत राहिली तेव्हा खालून नवऱ्याचा आवाज आला, "आई, हाताला मुंग्या आल्यात."

"येऊ देत. तुझ्या वेळी मी नऊ महिने काय केलं?"

आणि टेप टोकाला पोचला. त्यांनी कापला, कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपरा वाऱ्यात आधी उचकटतो. हे मी सांगितलं नव्हतं; त्यांना खिशांच्या कोपऱ्यांवरून माहीत होतं.

पावणेतीनला काटाबाई पेन खिशात ठेवत गाडीकडे निघाल्या होत्या. मी भुंगासकट धावले. "मॅडम! मॅडम, झालं!"

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग भुंगाकडे. भुंगानं त्यांचा स्प्रिंगचा काटा मागितला. त्यांनी दिला नाही, पण परत आल्या.

उजवा वर. "बावीस." उजवा खाली. त्या कोनमापकाकडे बघत राहिल्या, चष्मा वर केला, खाली केला.

"अठरा."

काटा अडकवला. ओढला. डाव्याला अडकवला. ओढला. पुन्हा उजव्याला. बोटानं टकटक केलं. नुसता मऊ, भरीव आवाज आला.

"सारखा," त्या म्हणाल्या. "हा पाऊण मीटर कोणी लावलाय?"

आम्ही दोघी एकदम बोललो. मी म्हटलं "यांनी", सासूबाई म्हणाल्या "हिनं सांगितलं तसं".

"बाकीच्या पट्टीपेक्षा बरा आहे," काटाबाई म्हणाल्या, आणि कागद पंखावर ठेवून सही केली.

मी त्यांना मिठी मारणार होते, पण त्या तशा नाहीत. मी नवऱ्याला मारली. तो अजून खालीच बसला होता, हात झटकत. "जा," तो म्हणाला. "ऊन उतरायच्या आत जा. फिरकीवर मी बसतो."

पट्टे बसले. हो, बसले! दोन भोकं सैल करावी लागली. काच बंद केली, दांडा चारी बाजूंना फिरवला. डावीकडे, उजवीकडे, पार टोकापर्यंत, लोण्यातून फिरावा तसा. पुढे तार ताणली गेली. एक हिसका, आणि गवत मागे पळालं, आणि मग गवत नव्हतंच. नाक आभाळाकडे, पोट पाठीला, आणि मी मोठ्यानं हसत होते. एकटीच. बावीस महिन्यांत मी एकटी कधीच नव्हते.

चारशे मीटरवर तार सोडली. शांत. डोंगराकडच्या ढगाखाली गेले तर उजवा पंख कोणीतरी खालून हळूच उचलावा तसा उचलला गेला. तिथेच! मी दांडा उजवीकडे झुकवला, आणि ग्लायडर गोल फिरू लागलं, चढू लागलं. सहाशे. आठशे. हजार. अंगठ्याएवढं मैदान, त्यावर ठिपके.

रेडिओ खरखरला. मला वाटलं नवरा. पण सासूबाईंचा आवाज आला, टेलिफोनवर बोलतात तसा, दुसऱ्या गावाला ऐकू जाईल इतका मोठा.

"हॅलो! कुठे आहेस गं?"

"ढगाखाली आहे, आई. हजार मीटरवर."

"थंडी वाजत्येय का?"

"नाही हो."

"भुंगानं केळं खाल्लं. रडत नाहीये. तू उगाच खाली यायची घाई करू नकोस, कळलं? चल, ठेवते."

पण त्यांनी ठेवलं नाही. बोट बटणावरच राहिलं होतं. मी वर गोल फिरत होते आणि खालचं सगळं मला ऐकू येत होतं. मलाच काय, हवेत असलेल्या क्लबातल्या सगळ्यांना. वारा. भुंगाची "आ! आ!". मग कोणीतरी पावलं वाजवत जवळ आलं, आणि सासूबाई त्याला सांगायला लागल्या:

"ते वर दिसतंय ना, पांढरं? आमच्या सुनेचं. उजव्या पंखावरची पट्टी मी लावलीय. हो, मी. पाऊण मीटर. बाईंनी स्वतः मोजलं, म्हणाल्या बाकीच्यापेक्षा बरी आहे. नाही नाही, विमानातलं मला काही कळत नाही..."

बाराशे. लांबून, मैदानाच्या फिरकीकडच्या टोकाकडून, नवरा पळत येताना ओरडत होता, "आई, बटण! बटण सोड!" मी दांडा उजवीकडे धरून ठेवला आणि आणखी एक फेरा घेतला.